आंघोळीचं पाणी कशावर तापवायचं? लाकूड, वीज, गॅस, सोलर: गोव्यातला हिशोब

गोव्यात घर गरम ठेवायला कुणी इंधन जाळत नाही, आपलं जळतं ते आंघोळीच्या पाण्यावर. जुनं घर दुरुस्तीला काढलं की न्हाणीतलं भाण (चुलीवर पाणी तापवायचं मोठं भांडं) ठेवायचं की काढून गीझर बसवायचा हा वाद होतोच, आणि त्यात प्रत्येकजण अंदाजाने बोलतो, म्हणून सरळ आकड्यांत बघूया.

चार माणसं, प्रत्येकी 25 लिटर, म्हणजे रोज 100 लिटर पाणी. नळाचं पाणी 25 डिग्री आणि आंघोळीला 40 पाहिजे, म्हणजे 15 डिग्री वाढवायचे. एक लिटर पाणी एक डिग्रीने वाढवायला एक किलोकॅलरी लागते, तर झाल्या 1500. थंडीत सत्तरी तालुक्याकडे पाणी जास्त गार असतं, तेव्हा हा आकडा वाढेल, पण तो सगळ्याच इंधनांना वाढेल.

विजेचं सोपं आहे. एका युनिटात 860 किलोकॅलरी, म्हणजे पावणेदोन युनिट, टाकीतून आणि पाइपातून थोडी उष्णता जाते ती धरून 2 युनिट. गोव्यात घरगुती वीज शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा बरीच स्वस्त आहे पण ती स्लॅबने लागते, म्हणजे वापर वाढेल तसा युनिटचा रेट वाढतो, त्यामुळे तुमच्या बिलात सगळ्यात वरच्या स्लॅबचा जो रेट दिसतो तोच गीझरला लावा, सरासरी लावू नका. 4 रुपये धरले तर दिवसाला 8 रुपये.

गॅसचं असं, की एक किलोत साधारण 11 हजार किलोकॅलरी, गॅस गीझर त्यातल्या 80 टक्के पाण्याला देतो, म्हणजे रोज 170 ग्रॅम लागेल. 14.2 किलोचा सिलिंडर 900 रुपयांना धरला तर दिवसाला पावणेअकरा. तुमचा युनिट रेट साडेपाच रुपयांच्या खाली असेल तर विजेचा गीझर स्वस्त, वर गेला तर गॅस. पावसात तासन् तास लाईट जाते अशा गावात गॅस गीझरचा उपयोग मोठा आहे, कारण तो सेलवर पेटतो. पण त्याला पाण्याचं प्रेशर लागतं, टाकी बाथरूमच्या जेमतेम वर असेल तर तो पेटतच नाही, हे घ्यायच्या आधी बघा. आणि कृपा करून तो बाथरूमच्या आत लावू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि जीव जातो. बाहेरच्या भिंतीवर लावा, पाइप आत घ्या.

आता लाकूड. सुक्या लाकडात किलोला साडेतीन हजार किलोकॅलरी असतात खऱ्या, पण उघड्या चुलीवर त्यातल्या पंधरा टक्केच पाण्यात जातात, बाकी सगळं धूर आणि भिंतीत. म्हणजे रोज 3 किलो. विकतचं लाकूड 8 रुपये किलो धरलं तर 24 रुपये रोज, विजेच्या तिप्पट! लाकूड अडीच रुपये किलोच्या आसपास मिळालं तरच बरोबरी होते. तेव्हा विकत घेऊन भाण पेटवत असाल तर पैसे वाया जातायत, हे मी स्पष्टच सांगतो.

पण ज्यांच्याकडे कुळागर (माड-पोफळींची बाग) आहे, चार माड आहेत, त्यांचा हिशोब वेगळा. पाडेली नारळ पाडून गेला की सोडणं (नारळाच्या साली), करवंट्या, चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) घरचीच, काजूच्या सुक्या फांद्या असतात, राख परत माडाच्या आळ्यात जाते. तिथे खर्च मेहनतीचा आणि ती कोण करतं ते विचारा, बहुतेक घरात पहाटे उठून धूर खाणारी आई किंवा सूनच असते. दमा असलेलं कुणी घरात असेल तर मी भाण पेटवायलाच नको म्हणेन. जळणासाठी उभं झाड तोडायचा विचार असेल तर आपल्या जमिनीतलं असलं तरी 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. आणि जून ते सप्टेंबर, जेव्हा गरम पाणी सगळ्यात हवंसं वाटतं, नेमकं तेव्हा लाकूड ओलं. ओल्या लाकडाची काही ताकद स्वतःतलं पाणी उडवण्यातच जाते आणि ते नीट पेटतही नाही, त्यामुळे मे महिन्यातच सोडणं भरून ठेवायला कोरडी खोप (छोटी झोपडी) नसेल तर फुकटचं जळणही पावसात कामाला येत नाही.

सोलरबद्दल लोक डोळे झाकून हो म्हणतात. 100 लिटरचं युनिट 25 हजारांना पडलं असं धरा. पावसाचे चार महिने त्यावर फारसं पाणी तापत नाही, बॅकअपचा हीटर लावावाच लागतो. उरलेल्या 240 दिवसांत रोजचे 8 रुपये वाचले तर वर्षाला 1920, म्हणजे पैसे वसूल व्हायला तेरा वर्षं, आणि किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने स्टँड गंजतो तो खर्च वेगळा. मंगलोरी कौलांवर भरलेल्या टाकीचं वजन ठेवायचं म्हणजे आणखी काम. होमस्टे असेल, रोज दहा-बारा माणसं आंघोळ करत असतील आणि छप्पर कौलांचं नसून सिमेंटच्या स्लॅबचं असेल, तर मात्र सोलर डोळे मिटून घ्या, कारण विजेचं बिल वरच्या रेटच्या स्लॅबमध्ये गेलेलं असतं.

चार माणसांच्या साध्या घराला मी 15 लिटरचा स्टार रेटिंगवाला गीझर सांगेन, थर्मोस्टॅट 50 वर, वायरिंग आणि अर्थिंग आधी तपासून. आणि माड घरचे असतील तर भाण काढू नका, त्याला धुराडं तेवढं नीट बांधून घ्या, लाईट गेली की तेच उपयोगी पडतं.