कुवेतच्या काउंटरवरून गावचं लाईट बिल: सेवा चांगली, पण सगळ्यांसाठी नाही

मी कुवेतमध्ये फहाहीलला राहतो, कंपनीत फिटर आहे. घर दारव्हा तालुक्यात. घरी आई-बाबा, चार एकर वावर, एक विहीर. पगार झाला की बाबांचा फोन ठरलेला: "बिल आलं रे बावा. लाईन कापतो म्हन्ते वायरमन."

खात्यात पैसे पाठवण्यात काही कठीण नाही. भानगड पैसे पोचल्यावर सुरू होते. ते काढायला बाबांना गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा द्यावा लागतो, आणि जन्मभर वखर-डवरे हाकलेल्या अंगठ्यावर मशीनला रेषाच सापडत नाहीत. बाबा अंगठा दुपट्ट्याला पुसतात, डोक्याच्या तेलकट केसांत घासतात, फुंकर मारतात आणि पुन्हा काचेवर दाबतात. घेतला तर घेतला, नाहीतर "काका, सर्व्हर नाही, उद्या या." पैसे निघालेच तर पुढे ऑटोनं दारव्हा, आणि वाटेत कृषी केंद्र. खत-बियाण्याला पैसे लागतातच, त्यात बाबांचं चूक नाही, पण लाईट बिल तसंच राहते.

गावातल्या एखाद्या पोट्ट्याच्या फोनपेवरून भरून घ्या, असं कोणीही म्हणेल. केलं तेही. पण दर महिन्याला कोणाच्या तरी दारात जाऊन "भरून दे ना रे" म्हणणं बाबांना जमत नाही. म्हातारा ताठ आहे.

म्हणून खोलीजवळच्या एक्स्चेंजमधून, म्हणजे घरी पैसे पाठवायच्या काउंटरवरून, थेट बिल भरायला लागलो. परदेशातून आलेला पैसा सरळ बिलवाल्या कंपनीच्या खात्यात टाकायला रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2022 मध्ये परवानगी दिली. पहिली सुरुवात कुवेतमधूनच झाली, फेडरल बँक आणि लुलू एक्स्चेंज यांनी मिळून. तेव्हा या व्यवस्थेला भारत बिल पे म्हणत, आता भारत कनेक्ट नाव आहे.

काउंटरवर सिव्हिल आयडी (कुवेतचं ओळखपत्र) द्यायचा आणि बिलावरचे दोन नंबर सांगायचे: बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट. हे दुसरं बरेच जण विसरतात आणि तिथूनच घरी फोन लावत बसतात. दोन्ही नंबर दर महिन्याला तेच असतात, तेव्हा जुन्या बिलाचा एक स्वच्छ फोटो मोबाईलमध्ये ठेवून द्या. नंबर टाकला की रक्कम आणि नाव आपोआप येते. आमच्या मीटरवर अजून आज्याचं नाव आहे. आजा जाऊन जमाना झाला. काउंटरवरच्या मल्याळी पोरानं स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं, "ये कौन है?" म्हटलं, "दादाजी हैं, भर दो." भरलं गेलं. बँकेत पैसे पाठवताना नावातलं एक अक्षर हुकलं तरी अडकते, इथं नंबर बरोबर असला की झालं.

वेळेचं मात्र ध्यानात ठेवा. आपण भारताच्या अडीच तास मागे आहोत. इथं रात्रीचे साडेनऊ वाजले की गावात तारीख बदलते. ड्युटी, आंघोळ, स्वयंपाक आटपून शेवटच्या दिवशी रात्री गेलात तर मुदत गेलेली असते.

आता खर्च. माझ्या शाखेत एका बिलामागे अर्धा दिनार घेतात, आणि दिनार पावणेतीनशेच्या वर आहे. म्हणजे नऊशेच्या बिलावर दीडशेच्या आसपास फी. लवकर भरल्याबद्दल महावितरणची सूट मिळते एक टक्का, म्हणजे फार तर नऊ रुपये! वरून दिनाराचा दरही एक्स्चेंज स्वतःचा लावते, तो बाजारापेक्षा थोडा खालीच असतो. पण फी रकमेवर नाही, बिलावर आहे. त्यामुळे भावाच्या ट्रॅक्टरचा हप्ता आणि एलआयसीचा हप्ता इथून भरायला काहीच वाटत नाही. लाईट बिलाला महागच पडते, तरी भरतो. ऑटोचं भाडं, बाबांचा बुडालेला दिवस आणि ते "उद्या या" यांचा हिशेब लावला तर दीडशे परवडले. विहिरीवरच्या पंपाची तर कटकटच नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून बळीराजा योजनेत वीज मोफत आहे.

माझी तक्रार पावतीची. थर्मल कागद, कुवेतच्या उन्हात खिशात ठेवला की आठवडाभरात कोरा. मोबाईलवर पावती येते, पण एकदा पैसे कापून दिवसभर "पेंडिंग" दाखवत होतं आणि काउंटरवाला "वेट करो भाई" यापलीकडे काही बोलेना. दुसऱ्या दिवशी जमा झालं. तोपर्यंत बाबांनी मला किती फोन केले ते विचारू नका. तेव्हापासून पावती आली की आधी व्हॉट्सॲपवर घरी टाकतो. वायरमन आला की आई फोनच त्याच्या नाकासमोर धरते.

दुबई, कतार, ओमान, सौदीवाल्यांना माझं सांगणं वेगळं आहे. एनआरई खात्याला (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) तिथल्याच नंबरवरून यूपीआय जोडायची सोय 2023 मध्ये दहा देशांना मिळाली, त्यात तुम्ही आहात. तुम्ही कशाला काउंटरची फी भरता? त्या दहांत कुवेत नव्हता. मला माझ्या नेटबँकिंगच्या ओटीपीसाठी भारतातलं सिम जिवंत ठेवावं लागते, आणि गंमत म्हणजे त्या सिमचा रिचार्जही मी याच काउंटरवरून करतो.

पगारानंतरच्या शुक्रवारी तिकडं फिरकू नका, रांग रस्त्यावर येते. गावच्या सोसायटीचं पीक कर्ज काउंटरच्या यादीत सापडलं नाही. किराणावाल्याची उधारी तर कोणत्याच यादीत नसते. तेवढ्यासाठी अजूनही बाबांच्या खात्यातच पैसे टाकतो.