अंडरड्राइव्ह पुली की कंपनीची? घाटात माल ओढणाऱ्यांसाठी हिशोब

अंडरड्राइव्ह पुली म्हणजे क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली लहान करायची, नाहीतर अल्टरनेटर (वीज बनवणारा) आणि वॉटर पंपाची मोठी. इंजिन तेवढंच फिरतं, पण बेल्टवर चालणारं सगळं सावकाश फिरतं आणि तिथे जाणारी ताकद चाकाला मिळते. विकणारा सांगतो ते खोटं नाही. पंप आणि फॅनला लागणारी ताकद वेगाच्या घनात बदलते. वेग 25 टक्के उतरवला की ती निम्म्याहून खाली येते.

पण हा फायदा 5-6 हजार आरपीएमला ओरडणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा. भरलेला डिझेल ट्रक बहुतेक वेळ 1,200 ते 2,000 मध्ये चालतो, तिथे वाचवायलाच फारसं काही नसतं. अल्टरनेटरकडूनही मोठी बचत होत नाही, कारण दिव्यांना वीज तेवढीच लागते.

आता तोटा बघा. क्रँक पुली 180 मिमी आणि अल्टरनेटरची 65 मिमी धरली, तर 650 च्या आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) अल्टरनेटर साधारण 1,800 फिरतो. क्रँकला 135 मिमीची पुली बसवली की 1,350. चाकणच्या कोंडीत रात्री हेडलाइट, वायपर, ब्लोअर चालू असले की उरलेला भार बॅटरी उचलते. छोट्या डिझेल गाड्यांत ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप बऱ्याचदा अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. तो मंदावला की आयडलवर लागोपाठ ब्रेक दाबताना पेडल कडक लागतं. हे पाहिल्याशिवाय पुलीला हात लावू नका.

घाटाचं गणित वेगळंच. माल भरून बोरघाट किंवा खंबाटकी चढताना इंजिनावर पूर्ण लोड, गाडी मात्र रांगत असते. समोरून वारा नाही. भिस्त सगळी फॅन आणि वॉटर पंपावर, आणि आपण नेमके तेच मंद केलेले.

सगळ्यात महागात पडते ती क्रँक पुली. अनेक इंजिनांत ती नुसती पुली नसते, डॅम्पर असतो: मधला हब, बाहेरची जड रिंग आणि दोन्हींमध्ये रबर. क्रँकला बसणारे पिळाचे हादरे तो गिळतो. सहा सिलिंडरच्या लांब क्रँकला तर त्याची जास्तच गरज. त्याजागी हलकी, भरीव अॅल्युमिनियमची पुली आली की हादरे क्रँकमध्येच राहतात. बोल्ट सैल होणं, पुली क्रँकवर अडकवून धरणारी चावी झिजणं, शेवटी क्रँकच तडकणं, सगळं शक्य आहे.

त्यामुळे मालवाहू डिझेलला कंपनीचीच पुली ठेवा. ट्रॅकवर पळवायची पेट्रोल गाडी असेल तर अंडरड्राइव्ह चालेल, पण डॅम्पर असलेलीच घ्या आणि बेल्ट नव्या मापाचा घाला. क्रँकची पुली लहान केली की जुना लांब पडतो, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर टोकाला जातो आणि बेल्ट किंचाळतो. बसवल्यावर गरम इंजिन आयडलला, सगळे दिवे लावून बॅटरीवर मल्टिमीटर धरा. 12 व्होल्टच्या गाडीला 13.5, 24 व्होल्टच्या गाडीला 27 च्या खाली आकडा दिसला, तर जुनी पुली परत चढवा.

जुनी पुलीही तपासून घ्या. हबपासून रिंगपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. आठवड्याभराने रेघ तुटलेली दिसली तर रबर सुटलंय. नवा डॅम्पर टाका.