अजिंठा टी-जंक्शनवरचं दगडांचं दुकान: अपोफिलाइट घ्या, गुलाबी ओकेनाइट सोडा

लेण्यांना जाताना फर्दापूरच्या टी-जंक्शनला गाडी लावावी लागते, तिथे बसकडे निघालं की दगडवाले गाठतातच. त्यातल्याच एका दुकानाबद्दल लिहितोय, नाव देत नाही कारण माल सगळीकडे साधारण तोच आणि बोलबच्चनही तेच.

पण माल खरंच भारी आहे राव. दख्खनच्या बेसॉल्टमधला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, नंतर खडकातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेलं सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम वगैरे त्या पोकळ्यांमधे स्फटिक होऊन बसलं, म्हणून विहीर खणताना नाहीतर खडीच्या खाणीत हे सापडतं.

मी त्यातलाच अपोफिलाइट नावाचा स्फटिक घेतला, आठशे सांगितले, पाचशेला दिला. दुकानदार त्याला छातीठोकपणे क्वार्ट्झ म्हणत होता. दादा, क्वार्ट्झ सहा बाजूंचा असतो, हा चौकोनी आहे आणि वरचा सपाट भाग मोत्यासारखा चमकतोय! आतली रचना थरांची आहे ना, सिलिकेटचे पत्रे आणि मधे कॅल्शियम, पोटॅशियम, पाणी, त्यामुळे त्या पत्र्यांच्या दिशेनेच सरळ चिरतो. म्हणजे पाडू नका. हिरवा असेल तर तो रंग व्हॅनेडियमचा, त्याचे भाव मात्र ऐकवत नाहीत.

सोबतचा पीच रंगाचा स्टिल्बाइट हा झिओलाइट, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या पोकळ सांगाड्याचं खनिज. यात काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम येतं, सांगाड्यावर ऋण भार राहतो, तो भागवायला सोडियम-कॅल्शियम पोकळ्यांत येऊन बसतात आणि ते बदलताही येतात. कपड्यांच्या पावडरीत याच कुळातला कारखान्यात बनवलेला झिओलाइट घालतात, जड पाण्यातलं कॅल्शियम ओढून घ्यायला. हे सांगितलं तर दुकानदार म्हणतो, "साहेब, मग पावडरच घ्या की." आवडला आपल्याला.

नाराजी दोन गोष्टींवर. एक, कापसाच्या बोंडासारखे ओकेनाइट गुलाबी-निळे रंगवून ठेवलेत. ओकेनाइट पांढराच असतो हो! आणि गिऱ्हाईक येता-जाता बोट लावतं, ते तंतू एकदा दबले की परत उभे राहत नाहीत. दोन, प्रत्येक दगडावर कुठल्या ना कुठल्या आजाराची चिठ्ठी. त्यापेक्षा गाव आणि खाण लिहा की, संग्राहक त्याचेच जास्त पैसे देतात, पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट तर जगभर गावाच्या नावानेच विकला जातो.

"ॲसिडने धुवा, चकाचक होईल" असाही सल्ला मिळाला, अजिबात ऐकू नका, हायड्रोक्लोरिक ॲसिडमधे अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट दोन्ही खराब होतात. साधं पाणी, मऊ ब्रश, बास.

पाचपैकी साडेतीन स्टार. यूपीआय चालतं, बिल मिळत नाही, पॅकिंग म्हणजे एका वर्तमानपत्राची पुरचुंडी, तेव्हा घरून जुना टॉवेल न्या.