मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही

रक्कम आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी ‘किती गेले हो?’ असं विचारायला नको. ७८,३३१ रुपये. त्यातले ४८,९९० आणि २७,५०० क्रेडिट कार्डावरून गेले. उरलेले १,८४१ मी क्यूआर कोड स्कॅन करून माझ्या हाताने पाठवले. आणि हे सगळं कशापायी, तर गाडीच्या विम्यावर ९५९ रुपये जास्तीचे सुटत होते म्हणून.

मी एका पतसंस्थेत चोवीस वर्षं हिशेब बघते. आमच्या काउंटरच्या काचेवर ‘आपला ओटीपी कुणालाही सांगू नका’ असा कागद आहे. तो मीच टाइप केला, मीच चिकटवला. आता रोज सकाळी त्याच्याशेजारून आत जाते. घरचे म्हणाले, लिहू नकोस, झाकली मूठ राहू दे. पण ऑफिसात शिपायापर्यंत सगळ्यांना कळलंय. झाकायला उरलंय काय?

१७ जून, मंगळवार. त्याच रात्री बारा वाजता आमच्या वॅगन-आरची पॉलिसी संपत होती. हो, शेवटच्या दिवसापर्यंत लोळत ठेवलं, ही माझी चूक. आठवडाभर ‘उद्या करू, उद्या करू’ चाललं होतं. खऱ्या कंपनीचं ७,४१५ रुपयांचं कोटेशन पर्समध्ये घडी घालून पडलेलं होतं. दुपारी दोन चाळीसला डबा उघडला आणि फोन वाजला.

“ताई, जेवताय का? नंतर करू का फोन?”

तिथेच मी विरघळले. खरी बँक आजवर कधी असं विचारत नाही. आणि मराठी अगदी आपली, नगरकडच्या वळणाची. मला वाटायचं, असले फोन हिंदीत येतात, ‘मॅडम आपका कार्ड ब्लॉक हो जाएगा’ वगैरे. तसला आला असता तर शिवी देऊन ठेवला असता. याने गाडीचा नंबर सांगितला, विमा कंपनी सांगितली, पॉलिसी आज संपतेय हे सांगितलं, कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगितले. ही माहिती कुठून गेली, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. विम्याचे दर तुलना करून बघायला आपण किती ठिकाणी गाडीचा नंबर आणि मोबाइल देतो, ते तुम्हीच आठवा.

म्हणाला, बँक आणि विमा कंपनी यांची मिळून लॉयल्टी योजना आहे, कार्डावर साठलेले रिवॉर्ड पॉइंट विम्याच्या हप्त्यात वळते होतात, पण आजच. “ताई, ॲप उघडून बघा ना, किती पॉइंट दिसतायत?” मी बघून सांगितलं, १८,४६०. तो लगेच म्हणाला, “बरोबर, माझ्याकडेही तेच दिसतायत.”

रात्री हे वाक्य आठवून मी डोकं आपटून घेतलं. त्याच्याकडे कुठे काय दिसत होतं! आकडा मीच दिला, त्याने परत माझ्याच पदरात टाकला आणि मी समजले, माणूस खरा आहे.

यात बँकेचाही हात आहे, आणि हे मी नुसतं रागाने म्हणत नाही. बरोबर सहा दिवस आधी माझ्या खऱ्या बँकेचा खरा मेसेज आला होता: तुमचे पॉइंट लवकरच संपत आहेत, त्वरित वापरा, खाली लिंक. तीच घाई, तीच भाषा, तशीच लिंक. वर्षभर स्वतःच आम्हाला ‘त्वरा करा’ची सवय लावायची आणि चोराने तेच केलं की ‘ग्राहकाने सावध राहावे’!

आता ती जागा. जिथे मला कळायला हवं होतं ती.

तो म्हणाला, या योजनेत तुम्हाला नो क्लेम बोनस ६५ टक्के मिळेल. हा बोनस म्हणजे वर्षभर क्लेम केला नाही म्हणून हप्त्यात मिळणारी सूट. मला माहीत होतं की तो ५०च्या वर जात नाही. पहिल्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५, आणि सलग पाच वर्षं क्लेम नसला की ५०, तिथे संपलं. आमचा ५० झालेला आहे. मी त्याला म्हटलंसुद्धा, “५०च असतो ना?” तो हसला. “ताई, तुम्हाला बरंच माहितीये! ५० कंपनीचा, वरचे १५ बँकेतर्फे.” आणि मी खूश झाले! मला बरंच माहितीये म्हणे. मग मी काय करावं? फोन ठेवावा? छे. मी कागद घेतला आणि हिशेब केला.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ५,४२०. पन्नास टक्क्यांनी २,७१०, पासष्टने १,८९७. फरक ८१३, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९५९. म्हणजे ७,४१५चे झाले ६,४५६. पॉइंटाला पंचवीस पैसे, १८,४६०चे ४,६१५. वजा जाता १,८४१. त्याने सांगितलेला आकडाही १,८४१. रुपयाला रुपया जुळला. चोवीस वर्षांची सवय, ताळेबंद जुळला की मन शांत होतं. बेरीज-वजाबाकी तपासली, आणि तिच्या वरच्या ओळीतला ६५ कुठून आला ते तपासलं नाही.

जाता जाता सांगते, कुणी थर्ड पार्टी हप्त्यावर, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या सक्तीच्या विम्यावर, सूट देतो म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. तो दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला माझ्या कोटेशनवर २,०९४ होता, सगळ्या कंपन्यांकडे तोच. माझ्या चोराला हे माहीत असावं, कारण त्याने त्या आकड्याला हातही लावला नाही. अभ्यास करून येतात मेले.

मग व्हॉट्सॲपवर लिंक आली. पान उघडलं, बँकेचेच रंग, बँकेचंच चिन्ह. गाडीचा नंबर टाकला तर माझं नाव आलं. खाली ‘पॉइंट रिडीम करा’, त्यात कार्डाचा सोळा आकडी नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. पॉइंट वापरायला मागचे तीन आकडे कशाला लागतील? आता विचारते हा प्रश्न, भिंतीला. ओटीपी आला. मी तो कुणालाही सांगितला नाही. काचेवरच्या कागदात लिहिलंय तसंच, अक्षरशः पाळलं. त्याने तर उलट बजावलं, “ताई, मला सांगू नका हं, मलाही नको. फक्त पानावर टाका.” म्हणून टाकला. विश्वास आणखी वाढला.

मेसेजमध्ये लिहिलेलं होतं, स्वच्छ लिहिलेलं होतं, की हा ओटीपी ४८,९९० रुपयांच्या व्यवहारासाठी आहे. पण फोन कानाला, वरून खाली येणाऱ्या पट्टीत मेसेज अर्धा दिसतो, आणि आपली नजर थेट सहा आकड्यांवर जाते. आधीची ओळ कोण वाचतं? वाचा. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, ती ओळ वाचा. रक्कम आणि दुकानाचं नाव दोन्ही तिथे असतं.

“ताई, सर्व्हर फेल झाला, परत येईल.” परत आला, परत टाकला. २७,५००. मग क्यूआर, १,८४१. मग म्हणाला, पुढची दहा मिनिटं काही मेसेज येतील, ते पॉइंट उलटे फिरवल्याचे असतात, लक्ष देऊ नका. पाच मिनिटांत पॉलिसीची पीडीएफ आली, माझं नाव, इंजिन नंबर, चॅसिस नंबर, सगळं. मी वरणभात संपवला आणि खातेवह्या घेऊन बसले. बचत झाली म्हणून मुलाला अंगठा पाठवला. त्याला तो कशाचा ते कळलं नाही.

सहा पन्नासला भाजी घेताना सहज मेसेज चाळले. मेथीची जुडी तिथेच राहिली.

लगेच १९३०ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदली, पोचक्रमांक मिळाला. ऑनलाइन तक्रारही त्याच रात्री टाकली. पण चार तास गेले होते. पहिल्या तासात कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता बरी असते म्हणतात, तो तास मी खातेवह्यांत घालवला. बँकेची गोष्ट वेगळी. कार्ड बंद करायला फोन लावला तर आधी भाषा निवडा, मग कर्ज हवंय का, मग नवीन कार्डाची ऑफर ऐका. सतरा मिनिटांनी माणूस आला आणि त्याने मला जन्मतारीख विचारली, आईचं नाव विचारलं, पत्ता विचारला. माझ्याकडून ७६,४९० घेताना यातलं एकही विचारलं नव्हतं! शेवटी कार्ड मी ॲपमधूनच बंद केलं, दोन बटणांत. ती सोय आहे हे मला त्या रात्री कळलं. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवता येतात, त्यांची मर्यादाही पाच-दहा हजारांवर आणता येते. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून ही मुभा दिलेली आहे. माझी मर्यादा दीड लाखावर तशीच पडून होती. आत्ता वाचता वाचता तुमची बघा.

त्या रात्री अकरा चाळीसला रडत रडत खऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर ७,४१५ भरले. कारण ती पीडीएफ बनावट होती हे सांगायला ज्योतिषी नको होता, आणि बारानंतर गाडी विम्याविना. शेजारी हे उभे. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाणं. साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या दिवशी साहेब होते, पण प्रिंटआउट तीन प्रतींत हवे होते आणि माझ्याकडे दोन. चौथ्या दिवशी कळलं की हे इथे घेत नाहीत, दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणाले, राहता त्या हद्दीत द्या. अहो, चोर काय हद्द बघून फोन करतो? शेवटी एकाने अर्ज घेतला, वर मान न करता वाचला आणि म्हणाला, “शिकलेल्या दिसता की तुम्ही.” मला तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. घरी आल्यावर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. शिकलेल्या माणसाला फसवलं तर तो गुन्हा निम्मा होतो का?

बँकेचं उत्तर नवव्या दिवशी आलं, चार ओळींचं: व्यवहार ओटीपीने प्रमाणित आहेत, सबब जबाबदारी कार्डधारकाची. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक मी आता तोंडपाठ म्हणून दाखवीन. त्यात असं होतं: तुमची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर शून्य भार. पण तुमच्या निष्काळजीपणामुळे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. माझ्या बाबतीत बँकेने ‘निष्काळजीपणा’ हा एक शब्द उचलला आणि फाइल मिटवली. हुबेहूब बँकेसारखं पान, बँकेसारखी भाषा, आणि मी एका वेळी दोन-तीन हजारांच्या वर कार्ड वापरत नसताना पाच मिनिटांत दोनदा एवढी खरेदी. यात त्यांच्या यंत्रणेला काही वावगं वाटलं नाही, तो निष्काळजीपणा कुणाचा? विचारलं मी. उत्तर तेच, चार ओळी, फक्त तारीख बदललेली.

आणि बिल भरायचंच. नाही भरलं तर महिन्याला साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी, म्हणजे ७६,४९०वर दरमहा ३,१५९ रुपये. भांडण सुरू असेपर्यंत थांबा म्हटलं तर ‘तशी तरतूद नाही’. ठेव मोडली. मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळा, तो मी ७८,३३१मध्ये धरलेला नाही.

आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे. त्याला पैसे पडत नाहीत. बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही तर तिथे जाता येतं, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी. फोनवर बोललेलं कुणी धरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून ईमेल करा. ते १,८४१ रुपये कुठल्याशा खात्यात गोठवून ठेवलेत म्हणे. परत मिळायला आणखी एक अर्ज. तोही तीन प्रतींत.

पॉलिसी हातात आली की सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा दिसतो का बघा, दोन-चार दिवस उशिरा दिसला तरी चालेल. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पॉलिसी नंबर टाकूनही कळतं. आणि मुदत चुकली तर नो क्लेम बोनस लगेच जात नाही, नव्वद दिवस राहतो. हे मला तेव्हा माहीत असतं तर ‘आजच, आत्ताच’ची एवढी भीती वाटली नसती. विम्याविना गाडी रस्त्यावर काढायची नाही एवढंच. ती एक दिवस अंगणात उभी राहिली असती, काय बिघडलं असतं?

जुलैचं स्टेटमेंट आलं. माझे १८,४६० पॉइंट जागच्या जागी होते, त्यांना कुणी शिवलंही नव्हतं. उलट ते वाढले होते. दीडशे रुपयांना दोन पॉइंट या दराने चोराच्या ४८,९९०च्या खरेदीवर ६५२ आणि २७,५००वर ३६६, असे १,०१८ पॉइंट बँकेने माझ्या नावावर जमा केले होते. पंचवीस पैशांप्रमाणे २५४ रुपये ५० पैसे. सोबत मेसेज: अभिनंदन.