हार्डवेअर की सॉफ्टवेअर एन्कोडिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी स्वतः चित्रित केलेले जुने व्हिडिओ साठवणीसाठी पुन्हा एन्कोड करत आहे, म्हणजे दाबून लहान फाइलींत बसवत आहे. प्रत्येक महत्त्वाची क्लिप एकदा ग्राफिक्स कार्डावरील हार्डवेअर एन्कोडरने आणि एकदा प्रोसेसरवर चालणाऱ्या एक्स२६४, एक्स२६५ किंवा एसव्हीटी-एव्ही१ या सॉफ्टवेअर एन्कोडरने (अनुक्रमे एच.२६४, एचईव्हीसी आणि एव्ही१ या व्हिडिओ प्रकारांसाठी) करून पाहतो.

सुरुवातीची चूक आधी सांगतो. दोन्हीकडे गुणवत्तेचा आकडा २३ ठेवून मी थेट निकाल लावत होतो. वास्तविक ज्याची त्याची मोजपट्टी वेगळी असते: एक्स२६४चे मूळ सीआरएफ मूल्य (म्हणजे हाच गुणवत्तेचा आकडा) २३ आहे, एक्स२६५चे २८, तर एसव्हीटी-एव्ही१ची पट्टी ६०च्याही पुढे जाते. फाइलचा आकार सारखा ठेवल्यावरच तुलनेला अर्थ आला.

भरपूर उजेडातल्या, फारशी हालचाल नसलेल्या दृश्यांत फरक शोधूनही सापडत नाही. धूर, हलते पाणी आणि अंधारी खोली आली की मात्र कमी बिटरेटवर (दर सेकंदाला कमी बिट खर्च करताना) हार्डवेअरच्या एच.२६४मध्ये ठोकळे उमटतात आणि सावल्यांमधला तपशील पुसला जातो. हा एन्कोडर चिपमध्येच पक्का बसवलेला असल्यामुळे वेगासाठी गतीचा शोध आणि चित्राच्या ब्लॉकची (चौकोनी तुकड्यांची) विभागणी यांचे मोजकेच पर्याय तपासतो. उलट एक्स२६४ ‘स्लो’ प्रीसेटवर (वेग आणि गुणवत्ता ठरवणाऱ्या तयार मांडणीवर) पुढच्या फ्रेम आधी चाळून, जो भाग पुढे पुन्हा वापरला जाणार आहे त्यावर जास्त बिट खर्च करतो.

नेटफ्लिक्सने २०१६मध्ये खुल्या केलेल्या व्हीमॅफवर, म्हणजे चित्राच्या गुणवत्तेला गुण देणाऱ्या साधनावर, मी काही काळ नको इतका विसंबलो. दोन फाइलींची सरासरी जवळजवळ सारखी आली, पण सर्वांत कमी गुणांच्या फ्रेम उघडल्यावर सगळी पडझड तिथेच दिसली. आता सरासरीआधी तळ पाहतो.

एचईव्हीसीत हे अंतर कमी जाणवते, आणि १०-बिट (रंगांच्या अधिक छटा) निवडल्यास आकाशातले पट्टेही बरेच कमी होतात. एक्स२६५ मात्र कमी बिटरेटवर चित्रातला दाणा (बारीक खरखरीतपणा) फार गुळगुळीत करतो. मला ते खटकते, काहींना तेच ‘स्वच्छ’ वाटेल. खरे आश्चर्य एव्ही१चे. २०२२पासून ग्राफिक्स कार्डांत आलेला हा हार्डवेअर एन्कोडर माझ्या डोळ्यांना हार्डवेअरच्या एच.२६४पेक्षा स्पष्टपणे सरस वाटतो, तरी एसव्हीटी-एव्ही१च्या ४ क्रमांकाच्या प्रीसेटला तो गाठत नाही.

स्क्रीन रेकॉर्डिंग आणि थेट प्रक्षेपण मी कार्डावरच करतो, कारण तिथे प्रोसेसर मोकळा राहणे जास्त मोलाचे आहे. कायम ठेवायच्या फाइली रात्रभर प्रोसेसरवर चालतात, आणि सकाळी सर्वांत आधी त्यांतली अंधारी दृश्ये तपासतो.