देवगडच्या खाऱ्या हवेत दहा महिने: माझा गेमिंग पीसी

२०२४ च्या दिवाळीत हा पीसी जोडला. आता गणपती झाले, चाकरमानी परत गेले, घरात पुन्हा शांतता आली, म्हणून लिहायला बसलो. दहा महिने झाले, त्यात एक अख्खा पावसाळा. आमच्याकडे पावसाळा काढल्याशिवाय कुठल्याच यंत्राबद्दल मत देऊ नये.

आधी पार्ट सांगतो. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन स्टिक मिळून १६ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई स्टोरेज आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर १०८०पी, १६५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा. मॉनिटर आणि यूपीएस धरून नव्वद हजारांच्या आत बसलं. प्रोसेसर आणि कार्ड मामेभावाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतले आणि तुतारी एक्स्प्रेसने कणकवलीपर्यंत मांडीवर ठेवून आणले. बाकीचं इकडेच, जिल्ह्यातल्या एका दुकानातून.

दुकानदाराने ५६०० ऐवजी ५६००जी (त्यात ग्राफिक्स आतच असतं) घ्या म्हणून बराच आग्रह केला होता. "दोन्ही सारखेच, वर ग्राफिक्स फुकट." सारखे नाहीत. ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, जी मध्ये १६. शिवाय पीसीआयई, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता, ५६०० मध्ये ४.० आहे, जी ३.० वर अडतो. एरवी ते चाललंही असतं, पण ४०६० हे कार्ड सोळाऐवजी आठच लेन वापरतं. त्याला ३.० चा स्लॉट दिला की रस्ता निम्मा होतो. कार्डावरची ८ जीबी मेमरी भरली की जास्तीचा माल याच रस्त्याने रॅममधून आणावा लागतो आणि तिथेच गेम अडखळतो. कार्डासाठी पैसे मोजायचे आणि त्याच्या दारात अरुंद पाणंद ठेवायची, हे मला पटलं नाही. बी४५० बोर्डही याच कारणासाठी टाळला.

वापरात ही जोडी मस्त निघाली. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (प्रकाशाचे जड इफेक्ट) बंद ठेवून हाय सेटिंगला साठ-सत्तर एफपीएस (सेकंदाला फ्रेम) देतो. व्हॅलोरंटला १६५ च्या खाली आलेलं क्वचितच बघितलं. सुरुवातीचा महिना मात्र मी फुकट घालवला. विंडोजमध्ये मॉनिटर ६० हर्ट्झवरच होता आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलं नव्हतं, म्हणजे ३२०० ची रॅम २६६६ वर रांगत होती. दोन्ही माझ्याच चुका. दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली.

खरा तोल चुकला तो एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यात. कार्डात पैसे गेले म्हणून कॅबिनेटबरोबर दुकानदाराने दिला तोच घेतला. पाचशे वॅट लिहिलेलं. ४०६० ला ११५ वॅट, प्रोसेसरचा टीडीपी (साधारण वीजखर्चाचा आकडा) ६५, म्हटलं रग्गड झालं. वॅटचं गणित बरोबरच होतं. पण संध्याकाळी सात-साडेसातला, वाडीत सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी आणि फ्रिज एकदम वीज ओढायला लागले की पीसी ऐन मॅचमध्ये पटकन बंद व्हायचा आणि आपोआप चालू व्हायचा. आधी ड्रायव्हरवर संशय घेतला. मग रॅम काढून घातली, विंडोज पुन्हा टाकलं. शेवटी एका संध्याकाळी मल्टीमीटर प्लगमध्ये घातला. १७८ व्होल्ट. एसएमपीएसच्या बाजूचं लेबल टॉर्चने वाचलं, बारीक अक्षरात इनपुट २००-२४०. म्हणजे बिचारा त्याच्या हद्दीबाहेरच काम करत होता.

बदलून १००-२४० इनपुटचा, ६५० वॅटचा ब्रॉन्झ (हे कार्यक्षमतेचं रेटिंग) घेतला, पाच हजारांना. त्या दिवसापासून एकदाही बंद नाही. वॅट सगळे विचारतात, इनपुटची रेंज कोणी विचारत नाही. मुंबईत कदाचित फरक पडत नसेल, इकडे पडतो. आणि यूपीएस घेताना व्हीए म्हणजे वॅट नव्हे हे लक्षात ठेवा. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅटच देतो. माझा सेटअप गेममध्ये मॉनिटरसकट त्यात बसतो, तरी मी १००० व्हीएचा घेतला, कारण लाईट गेल्यावर गेम सेव्ह करून नीट बंद करायला वेळ हवा.

दुसरी गोष्ट, अर्थिंग. अनवाणी पायांनी कॅबिनेटला हात लागला की बोटांना झिणझिण्या यायच्या. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडा करंट बॉडीकडे सोडतात, तो अर्थिंगने जमिनीत जायला हवा. आमचं घर जुनं, जांभ्याचं. वायरमन आला, सॉकेट उघडला आणि हसला. "अर्थिंग खय? ह्या नुसता भोक आसा." तिसऱ्या पिनमागे वायरच नव्हती! मागीलदारी माडाच्या आळ्याजवळ खड्डा खणून मीठ-कोळसा घालून पाइप पुरला. आळ्याजवळच का, तर तिथे रोज पाणी पडतं. जांभ्यात पाणी ठरत नाही, एप्रिल-मेमध्ये कोरड्या खड्ड्याचा काही उपयोग नाही. या सगळ्याला जे पैसे गेले ते माझ्या यादीत नव्हतेच, खरं तर पहिल्या ओळीत हवे होते.

पावसाळ्याबद्दल. मला दमटपणाची भीती होती, पण चालू मशीन आतून गरम असतं, तिथे ओल धरत नाही. धोका बंद मशीनला. जुलैत आठ दिवस कोल्हापूरला होतो. परत आलो तर मागच्या प्लेटवरचे दोन स्क्रू आणि जाळीची कड तांबूस झालेली, बोट फिरवलं की पूड हाताला. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. आता पावसात रोज तासभर तरी चालू ठेवतो आणि बाहेर जाताना चादर टाकतो. (चालू असताना चादर टाकू नका, हे सांगायची वेळ आमच्या काकांमुळे आली.)

मे महिन्यात मशीनपेक्षा मलाच जास्त त्रास झाला. खोलीत ३४ डिग्री, कार्ड सत्तरच्या पुढे, पंखे जोरात. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "काय रे, विमान उडतला काय आता?" फॅन कर्व्ह (किती तापमानाला पंखा किती फिरावा ते सेटिंग) थोडा खाली आणला, एफपीएस ९० वर बांधले, आवाज निम्मा झाला. जाळीचं कॅबिनेट हवेला चांगलं, पण तांबडी धूळ सरळ आत येते. महिन्याला फिल्टर धुवावाच लागतो.

खटकतं ते एवढंच की नव्या गेममध्ये ८ जीबीला टेक्श्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) अल्ट्रा झेपत नाहीत. एक पायरी खाली उतरतो. मे मध्ये याच्या पुढचं कार्ड, ५०६०, आलं तेव्हा मामेभावाने लगेच चिडवलं, पण त्यालाही ८ जीबीच आहे, त्यामुळे मी निवांत आहे. पुढचा खर्च ठरलाय: आणखी १६ जीबी रॅम. आणि ते दोन गंजके स्क्रू. स्टीलचे आणायला सांगितलेत, अजून आले नाहीत.