हातमाग, सेंद्रिय, बांबू की शिलकी कापड? घरून शिवणाऱ्यांसाठी तुलना

घरून शिवणाऱ्या बहुतेक जणींचं काम कुर्ते, झबली-दुपटी आणि कापडी पिशव्या यांभोवती फिरतं. या तिन्हींना चालेल असं एकच ‘पर्यावरणपूरक’ कापड शोधत बसू नका, ते मिळत नाही. धागा कशापासून झाला हे पाहायचंच, पण कातरण किती उरते, कपडा किती धुण्यांपर्यंत टिकतो आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर आपल्याला खात्रीने काय सांगता येतं, यावरही निवड ठरते.

कुर्त्यांसाठी माझा कौल हातमागाच्या सुती कापडाला आहे. खादी आणि हातमाग यांत गल्लत होते, म्हणून एवढं लक्षात ठेवा: खादीचं सूतही हातावर किंवा चरख्यावर कातलेलं असतं, तर हातमागाला सूत बहुधा गिरणीचं असतं, विणकाम तेवढं हाताचं. 2013 च्या नियमांनुसार खादीवर ‘खादी मार्क’ हवा. हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ आहे. खादी भांडारात पॉलीवस्त्रही असतं आणि त्यात पॉलिस्टर असतं, तेव्हा ठाणावरची चिठ्ठी वाचूनच कापड फाडायला सांगा. हातमागावर विणायला वीज लागत नाही, मजुरी थेट विणणाऱ्या घरात जाते आणि चांगलं कापड धुण्यागणिक मऊ होतं.

अडचण असते पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची, आणि भाव विचारताना तीच विसरली जाते. मध्यम मापाचा, गुडघ्यापर्यंतचा, घेर बेताचा कुर्ता धरा. 36 इंच पन्ह्यात पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक बेतावे लागतात. बाजूला उरलेल्या पट्टीत बाही बसत नाही, म्हणून कापड पावणेतीन-तीन मीटर लागतं. 44 इंचात त्याच बाजूच्या पट्टीतून बाह्या निघतात आणि अडीच मीटरच्या आत काम होतं. 58 इंचात दोन्ही भाग शेजारी शेजारी बसतात. पावणेदोन मीटर पुरे. म्हणजे मीटरला स्वस्त वाटलेलं कमी पन्ह्याचं कापड कुर्त्यामागे महाग पडू शकतं, शिवाय लांबट, अरुंद कातरण उरते ती वेगळीच. दुकानात मीटरचे भाव विचारा, पण वहीत नगाचे भाव मांडा.

हातमागाचं कापड आटतंही जास्त. बेतण्याआधी ते रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. नवीन विणकराकडून किंवा दुकानातून घेतलं असेल तर आधी 50 सेंटीमीटरचा चौकोन कापून धुवून मोजा. किती सेंटीमीटर कमी भरतं त्यावर पुढची सगळी खरेदी ठरते. पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून रंग लागतो का तेही त्याच वेळी बघा.

सेंद्रिय सुती कापड तत्त्वाने मला सर्वांत जवळचं. रासायनिक कीटकनाशकांचा भार शेतावर आणि शेतात राबणाऱ्या माणसांवर पडत नाही, ही गोष्ट मोठीच आहे. पण सेंद्रिय कापडासाठीच्या ‘गॉट्स’ (GOTS) या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची साखळी शेतापासून शिवणापर्यंत अखंड लागते. तुमची शिवण प्रमाणित नसेल तर कापड प्रमाणित असूनही कपड्यावर ते चिन्ह लावता येत नाही. त्यातून बरेच पुरवठादार अख्खं ठाणच देतात. सुरुवातीच्या भांडवलात हे परवडत असेल तर लहान बाळांच्या कपड्यांपुरतं घ्या, आणि पुरवठादाराकडून प्रमाणपत्राची प्रत मागा. नुसतं ‘ऑरगॅनिक’ म्हटलेलं कापड साध्या सुती कापडाच्याच भावाचं समजा.

ते जमत नसेल तर बाळांसाठी ब्लीच न केलेली सुती मलमल उत्तम. फक्त ती धुवून घ्यावी लागते, कारण कोऱ्या कापडात खळ आणि कपाशीचं नैसर्गिक मेण असतं. पाण्याचा थेंब वरच राहतो. थोडा धुण्याचा सोडा घालून उकळली की पाणी झटकन शोषते. दुपट्याला आणखी काय हवं?

‘बांबू’ कापडाबद्दल मात्र सावध करायला हवं. बाजारातलं बहुतेक बांबूचं कापड म्हणजे व्हिस्कोस, म्हणजेच रेयॉन. लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडने विरघळवून त्याचा धागा काढतात, आणि हा दुसरा पदार्थ कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. 2022 मध्ये अमेरिकेत रेयॉनला बांबू म्हणून विकल्याबद्दल वॉलमार्ट आणि कोल्स या दोन कंपन्यांना मिळून 55 लाख डॉलरचा दंड भरावा लागला. सुळसुळीत कापडच हवं असेल तर लायोसेल बरं; तेही लाकडाच्या लगद्यापासूनच होतं, पण लगदा विरघळवणारा द्रावक जवळजवळ पूर्ण परत वापरला जातो. साधं रेयॉन ओलं असताना कमजोर होतं, रोजच्या कुर्त्याला मी सुचवणार नाही.

लिनन टिकाऊ आहे, पण महाग, आणि ते ज्यापासून होतं तो जवसाच्या खोडाचा तंतू बहुतांशी युरोपातून येतो. मोजकी, मागणीनुसार शिवण असेल तरच. बाटल्यांपासून केलेलं पॉलिस्टर धुताना प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू सोडतं आणि आपल्याकडच्या उकाड्यात अंगाला नकोसं होतं; फार तर पिशवीच्या अस्तराला वापरा.

पिशव्यांसाठी नवं कापड विकत घ्यायची गरजच नाही. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्या सगळीकडे पसरल्या. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच. त्यांच्या जागी इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांचं शिलकी सुती कापड, जाड मांजरपाट, कुर्त्यांची कातरण आणि जुन्या सुती साड्या भरपूर पुरतात. शिलकीत मिश्रण पुष्कळ येतं, म्हणून कडेचे दोन धागे ओढून जाळून पाहा: सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. (रेयॉनही कागदासारखंच जळतं, ही परीक्षा पॉलिस्टर पकडण्यापुरतीच.)

शिलकी कापडाची खरी मर्यादा अशी की तोच रंग, तोच नमुना पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून पन्नास एकसारख्या पिशव्यांची ऑर्डर असेल तर मांजरपाटच घ्या आणि शिलकीच्या रंगीत पट्ट्या खिशाला, बंदांना वापरा. हातमागातही एका ठाणाची छटा दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. आई-मुलीचा जोड शिवायचा असेल तर दोघींचं कापड एकाच ठाणातून, एकाच वेळी फाडून घ्या.